नॅरोबोटीने चेस्टर : गाळ, कालवा आणि आमचे बाबा

ओढाळ

"आईबाबा पहिल्यांदा येतायत, काय दाखवू" हा धागा मीच दीड वर्षापूर्वी काढला होता. तेव्हा लंडन, एडिंबरा, लेक डिस्ट्रिक्ट असे नेहमीचे यशस्वी सल्ले मिळाले आणि ते सगळं पार पडलं. यंदा दुसरी फेरी. बाबांनी आल्या आल्या जाहीर केलं, "ते बसमधून उतरा, फोटो काढा, परत बसमध्ये चढा, हे आता नको." बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त. पस्तीस वर्षं कालवे खणले, दुरुस्त केले, फुटले की रात्री-अपरात्री धावले. पण कालव्यातून प्रवास कधी केला नाही, कारण आपल्याकडे कालव्यात उतरते ती एक तर म्हैस, नाहीतर शाळा चुकवलेली पोरं. म्हणून मे महिन्यात आठवडाभर नॅरोबोट भाड्याने घेतली. नँटविच ते चेस्टर आणि परत, दोन्ही गावं इंग्लंडच्या वायव्येला चेशायरमध्ये, वेल्सच्या बाजूला. आम्ही दोघं, अकरा वर्षांचा चिरंजीव, आई आणि बाबा.

आधी बोटीबद्दल. नॅरोबोट म्हणजे जेमतेम सात फूट रुंद आणि सत्तर फुटांपर्यंत लांब असा लोखंडी डबा. आमची साठ फुटी होती. रेल्वेच्या डब्यात संसार मांडल्यासारखं वाटतं. पुढे बसायची जागा, मग स्वयंपाकाचा ओटा, मग न्हाणीघर, मग झोपायच्या जागा, आणि चालवणारा सगळ्यात मागे, उघड्यावर, उन्हापावसात. लायसन लागत नाही. कंपनीचा माणूस तासभर शिकवतो म्हणे. आमच्या माणसाने भर पावसात पंचवीस मिनिटांत उरकलं आणि पहिल्या पुलापाशी काठावर उडी मारून चालता झाला. वेगाची मर्यादा ताशी चार मैल. काठाला बांधलेल्या बोटींजवळून जाताना त्याहूनही हळू, नाहीतर आतल्यांचा चहा हिंदकळतो आणि ते डोकं बाहेर काढून बघतात. ओरडत नाहीत, नुसते बघतात. त्यापेक्षा ओरडलेलं परवडलं.

सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे जाते. डोक्याला हे पाच मिनिटांत कळतं, हाताला दोन दिवस लागतात. शिवाय बोट मधोमध खिळा ठोकल्यासारखी फिरते. तोंड पुलाखालून नीट गेलं म्हणून खूश व्हावं तर शेपूट भिंतीवर. नवऱ्याने पहिल्याच दिवशी दोन पुलांना सलामी दिली. दुसऱ्या सलामीत ओट्यावरचा पोह्यांचा डबा खाली आला. आईने वर येऊन शांतपणे विचारलं, "आता बाबांना देता का जरा?" बाबांना तासाभरात जमलं. म्हणाले, "पाणी कुठं ढकलतंय ते बघायचं, बोटीकडं बघायचंच नाही."

नँटविच ते चेस्टर वीसेक मैल आणि चौदा लॉक. लॉक म्हणजे पाण्याची पायरी. दोन्ही टोकांना दरवाजे असलेला दगडी हौद. बोट आत घ्यायची, मागचे दरवाजे लावायचे, पुढच्या दरवाजांतल्या झडपा उचलून पाणी हळूहळू सोडायचं, बोट खाली बसते, पुढचे दरवाजे उघडायचे. मोटर नाही, बटण नाही. काटकोनात वाकवलेलं एक लोखंडी हँडल मिळतं, त्याने झडपा फिरवायच्या आणि दरवाजाची लांबलचक तुळई पाठीने रेटायची. पाणी दोन्हीकडे एका पातळीला येईपर्यंत दहा माणसं लावली तरी ती तुळई हलत नाही. पातळी जुळली की आईसुद्धा एकटी ढकलू शकते. ढकललीही.

बनबरीला दोन लॉक एकाला एक चिकटून आहेत, मधला दरवाजा सामाईक. उतरताना वरचा हौद भरलेला आणि खालचा रिकामा हवा, नाहीतर वरचं पाणी खालच्यात मावत नाही आणि काठावरच्या लोकांच्या बुटात जातं. बाबा तिथे खिशातून पेन काढून बसले. लांबी, रुंदी, उतार मोजून म्हणाले, "एका खेपेला दोन-सव्वादोन लाख लिटर. म्हणजे दहा हजाराचे बावीस टँकर. तुम्ही पाच माणसं आठ फूट खाली यायला बावीस टँकर सोडले." मग थोड्या वेळाने स्वतःच, "पण दोन बोटी शेजारी-शेजारी घातल्या तर अकरा-अकरा." त्यानंतर प्रत्येक लॉकला आम्ही मागून बोट येतेय का याची वाट बघत थांबायचो. हा कालवा रुंद आहे, दोन नॅरोबोटी शेजारी मावतात. अशा थांबण्यात एक म्हातारं जोडपं भेटलं, ते घर विकून बारा वर्षं बोटीवरच राहतंय. त्यांच्याशी पुढचे तीन लॉक जोडीने उतरलो.

पुढे बीस्टनचा लोखंडी लॉक लागतो. इथे मात्र जोडीने जायचं नाही, एका वेळी एकच बोट, तशी पाटीच आहे. खालची जमीन नुसती वाहती वाळू. इथले मूळचे लॉक १७८७ मध्ये कोसळले आणि कंपनीकडे दुरुस्तीला पैसे नव्हते. पुढे १८२०च्या दशकात टेलफर्ड या अभियंत्याने दगडाचा नाद सोडून ओतीव लोखंडाच्या पत्र्यांचा अख्खा हौद बोल्ट मारून बसवला. आता दोन्ही बाजूंचे पत्रे किंचित आत आलेत म्हणून दोन बोटी नकोत. बाबांनी उतरताना हाताने एकेक जोड चाचपला. गंजाचा लाल हात तसाच घेऊन जेवायला बसले तेव्हा आईने उठवलं.

आणि माझा पराक्रमही सांगून टाकते. टिल्स्टनच्या लॉकवर झडप अर्धी उचललेली असताना खटका नीट न लावता मी हँडलवरचा हात काढला. हँडल गरगर फिरलं, उडालं आणि डुबुक. कुणाच्या हनुवटीला लागलं असतं तर हा धागा वेगळ्या विभागात काढावा लागला असता. बोटीवर दुसरं होतं म्हणून निभावलं.

चेस्टरचं नंतर लिहिते, मुलाला पोहायला न्यायचंय.

---

सातारी_कंदी

झकास! पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. बाबांना साष्टांग नमस्कार. एक शंका: संडासाचं काय? मला प्रवासवर्णनात ही माहिती कधीच मिळत नाही आणि मला तीच लागते.

---

टिवटिवाट

+१ संडास. आणि अंदाजे खर्च?

---

पेठेतला_पाहुणा

लिखाण छान, पण मला गंमत कळली नाही. मँचेस्टरहून रेल्वेने चेस्टर तासा-सव्वातासात. सकाळी जा, भिंतीवरून चक्कर मारा, घड्याळाखाली फोटो काढा, संध्याकाळी घरी वरणभात. त्यासाठी दोन दिवस लोखंडी डब्यात उभं राहून दरवाजे ढकलायचे, तेही पैसे देऊन?

---

काळ्या_देशातली_काकू

मी बर्मिंगहॅमला पंचवीस वर्षं आहे. आमच्याकडे व्हेनिसपेक्षा जास्त मैल कालवे आहेत असं इथला प्रत्येक टॅक्सीवाला सांगतो, त्यामुळे थोडा अधिकार गाजवते.

लॉकमधून उतरताना सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ओढाळने लिहिली नाही. वरच्या दरवाजाच्या आत पाण्याखाली दगडी उंबरा असतो. पाणी उतरताना बोटीची शेपूट त्या उंबऱ्यावर अडकली तर तोंड खाली जातं आणि बोट बुडते. दर एक-दोन वर्षांनी कुणाची तरी बुडतेच. भिंतीवर पांढरी खूण असते, शेपूट तिच्या पुढे ठेवायची, आणि पाणी सोडणाऱ्याने फोन खिशात ठेवायचा. काही वेडंवाकडं दिसलं तर आधी झडपा बंद, मग आरडाओरडा.

---

ओढाळ

काकू, बरोबर, ते राहिलंच. आमच्याकडे ते काम आईकडे होतं. ती शेपटाशी उभी राहून दर अर्ध्या मिनिटाला "खूण मागं आहे" असं ओरडायची. एकदा खूण पुढे गेली तेव्हा तिचा आवाज पार गावात ऐकू गेला असणार.

सातारी_कंदी, टिवटिवाट: आमच्या बोटीवर साधा फ्लशचा संडास, खाली टाकी. आठवडाभर पाच माणसांना पुरली. काही बोटींवर कॅसेट म्हणजे काढता येणारी छोटी टाकी असते, ती भरली की स्वतः उचलून ठरलेल्या जागी रिकामी करायची. बुक करताना स्पष्ट विचारा, नंतर भांडणं होतात. पिण्याच्या पाण्याची टाकी दर एक-दोन दिवसांनी नळाशी थांबून भरायची. तेवढ्या वेळात घड्या घालण्याइतके कपडे वाळतात. खर्च आमच्या हिशेबाने हॉटेलच्या दोन खोल्यांच्या आसपास, पण शाळांना सुट्टी लागली की भाव गगनाला.

पेठेतला_पाहुणा: उत्तर खाली देतेय, थोडं मोठं आहे.

चेस्टरला मी आधी दोनदा रेल्वेने गेलेय. स्टेशनातून बाहेर पडलं की नेहमीचा रस्ता, नेहमीची दुकानं, मग एकदम ईस्टगेटची कमान आणि तिच्यावरचं ते रंगीत घड्याळ. व्हिक्टोरिया राणीच्या १८९७ च्या हीरक महोत्सवासाठी केलेलं, बसलं १८९९ ला. सुंदर आहे, पण गाव म्हणजे फोटोंची माळ वाटते.

कालव्याने गाव मागच्या दाराने भेटतं. तिसऱ्या दिवशी सकाळी राउटनच्या पुलाखालून गेलो, मग क्रिसल्टनपासून एकामागून एक पाच लॉक. शेतं संपली, घरांची परसं लागली, वाळत घातलेले कपडे, कुणाचा तरी मोडका ट्रॅम्पोलिन. मग डावी-उजवीकडे गिरण्या आणि एक उंच विटांचा मनोरा. १७९९ चा. वरून वितळलेलं शिसं चाळणीतून ओतायचे, पडता पडता थेंब गोल व्हायचे आणि खाली पाण्यात गार व्हायचे. बंदुकीचे छर्रे. नेपोलियनच्या लढायांत खप भरपूर. चिरंजीवांना चेस्टरमध्ये आवडलेली ही एक नंबरची गोष्ट.

तिथेच पंख्यात काहीतरी अडकलं. इंजिन गुरगुरायला लागलं आणि बोट जागच्या जागी. कंपनीला फोन केला, "माणूस येईल" असं तीनदा उत्तर मिळालं, माणूस आला नाही. शेवटी नवऱ्याने इंजिन बंद करून किल्ली काढून माझ्या हातात दिली, मागचं झाकण उघडलं आणि खांद्यापर्यंत हात गार पाण्यात घातला. निघालं काय, तर कपडे वाळत घालायची निळी नायलॉनची दोरी, दोन चिमट्यांसकट.

दोरी निघाली आणि दहा मिनिटांत एका वळणावर अचानक गावाच्या जुन्या तटबंदीचा कोपरा. वर बुरूज. या बुरुजावरून यादवी युद्धात राजा पहिल्या चार्ल्सने २४ सप्टेंबर १६४५ ला आपली फौज राउटनच्या माळावर हरताना पाहिली असं सांगतात. सकाळी आम्ही ज्या राउटनवरून आलो तोच माळ. त्या राजाला जे अंतर एका नजरेत दिसलं ते आम्ही पाच लॉकांत उतरून आलो होतो. रेल्वेने हे कळत नाही.

आणि मग खडक. तटाच्या पायथ्याशी लाल वालुकाश्म कापून कालवा काढलाय. दोन्ही बाजूंनी ओली भिंत, शेवाळ, नेचे, वर आकाशाची पट्टी. ऐन दुपारी आत संध्याकाळ. इंजिनाचा आवाज दुप्पट होऊन परत येतो. नॉर्थगेटच्या पुलाखालून गेलो की डोक्यावर आणखी एक अरुंद पूल आडवा जातो, एका माणसापुरता, कठडा नसलेला. जुन्या तुरुंगातून समोरच्या देवळात फाशीच्या कैद्यांना शेवटच्या प्रार्थनेला न्यायला बांधलेला. आई काही बोलली नाही, फक्त हातातलं लिंबू-सरबत खाली ठेवलं.

मग नॉर्थगेटचे तीन लॉक, एकाला एक जोडलेले, खडकातच कोरलेले. मिळून तेहतीस फूट उतार. आधी पाच होते. शेवटच्या हौदात तळाला गेल्यावर वर बघितलं तर दरवाजे तीन मजली, फटींतून पाणी कारंज्यासारखं उडतंय, आणि डोक्यावरून धडधडत रेल्वे. बाबा म्हणाले, "पाहुण्यांची गाडी गेली बघ." (खरंच म्हणाले नाहीत, पण पेठेतल्या पाहुण्यांसाठी म्हणाले असं समजा.)

---

पेठेतला_पाहुणा

हसून हसून पुरेवाट. शस्त्रं खाली ठेवली.

---

कागदीघोडा

चेस्टरचा विषय निघाला की कुणीतरी सांगतंच, म्हणून मीच सांगतो: सूर्यास्तानंतर तटाच्या आत दिसलेल्या वेल्श माणसाला बाणाने मारायला अजून कायद्याने परवानगी आहे म्हणतात. ;)

---

गडकोट

कागदीघोडा, तसा कायदा नाही. मुळात ओवेन ग्लिनडूर या वेल्श सरदाराच्या बंडाच्या धामधुमीत १४०३ मध्ये युवराज हेन्रीने (पुढचा पाचवा हेन्री) वेल्श लोकांना सूर्यास्तानंतर शहरात थांबायला बंदी घातली होती, एवढं खरं. बाणबिण लोकांनी नंतर लावलेला मसाला. मात्र टाउन हॉलचं घड्याळ बघा. तीनच बाजूंना तबकड्या, वेल्सकडची बाजू कोरी. "त्यांना आम्ही वेळसुद्धा देणार नाही" असं चेस्टरवाले अभिमानाने सांगतात. इमारत १८६९ ची आहे, म्हणजे राग बराच टिकला म्हणायचा.

आणि किल्ल्यातलं लष्करी संग्रहालय चुकवू नका. चेशायरची २२ वी पलटण मियाणीच्या लढाईत (१७ फेब्रुवारी १८४३, सिंध) इंग्रज सेनापती नेपियरबरोबरची एकमेव गोरी पायदळ पलटण होती. बाकी बहुतेक मुंबई आणि बंगालच्या फौजांतले देशी शिपाई. पलटणीच्या सन्मानयादीत मियाणी, हैदराबाद, सिंध ही नावं दिसतात तेव्हा त्या बाकीच्यांची आठवण ठेवायला आपल्यासारख्यांनीच जायला हवं.

---

ओढाळ

संग्रहालय बघितलं, पण धावतपळत. मियाणीचं माहीत असतं तर बाबांना तिथून हलवावं लागलं असतं.

आता गावाबद्दल. दोन रात्री टॉवर व्हार्फला बोट बांधली होती. नॉर्थगेट उतरलं की काटकोनात वळण आणि मग हे रुंद कुंड. जुनी गोदामं, हंस, आणि पाण्यावर बांधलेल्या एका गोदामातली खानावळ. इथून पाच मिनिटांवर तटाच्या कोपऱ्यात वॉटर टॉवर म्हणून बुरूज आहे. १३२०च्या दशकात बंदराच्या रक्षणासाठी नदीत पुढे काढून बांधला. आज त्याच्या आजूबाजूला हिरवळ आणि मुलांचे झोपाळे. नदी पार तिकडे.

बाबा त्या झोपाळ्याशी थांबले ते थांबलेच. "गाळ," म्हणाले. आणि मग दोन दिवस आम्ही चेस्टर गाळाच्या दिशेने बघितलं.

रोमनांनी इथे छावणी टाकली ती डी नदीत जहाजं येत म्हणून. विसाव्या लीजनचं (रोमन पलटणीचं) ठाणं, गावाचं नाव देवा. देवा हे नदीचंच नाव, आईला फार आवडलं. रोमन जिथे जहाजं लावायचे त्या जागी आता घोड्यांच्या शर्यतीचं मैदान आहे. १५३९ पासून तिथे शर्यती होतात, देशातलं सगळ्यात जुनं चालू मैदान. म्हणजे तोपर्यंत बंदराचं कुरण झालेलं. गावकरी जुन्या डी पुलाशेजारच्या नॉर्मन काळातल्या बंधाऱ्याला दोष देतात. बाबांना ते पटलं नाही. बंधाऱ्यावर उभं राहून दोन तास भरतीची वाट बघितली. पाणी उलटं चढताना दाखवून म्हणाले, "खालून समुद्र रोज दोनदा गाळ आणून टाकतोय, बिचाऱ्या बंधाऱ्याला कशाला बोलता?" शेजारी मासे धरायला बसलेल्या माणसाला त्यांनी हे हाताच्या खुणांनी समजावलं. तोही पटल्यासारखी मान हलवत होता.

गाळामुळे व्यापार लिव्हरपूलला गेला. मग चेस्टरच्या व्यापाऱ्यांनी १७७२ मध्ये कालव्याची परवानगी मिळवली. मिडलविचला जाऊन मोठ्या कालव्याला जोडायचं, असा बेत. पण त्या मोठ्या कालव्याच्या कंपनीने जोडू दिलं नाही. मग १७७९ ला कालवा नँटविचपर्यंत नेऊन सोडून दिला. शेतात संपणारा कालवा. कोण माल आणणार? कंपनी बुडायच्या बेताला आली. मिडलविचची जोडणी शेवटी झाली १८३३ ला, आणि तोवर रेल्वे दाराशी. बाबा हे ऐकून इतके हसले की ठसका लागला. "आमच्याकडं पण आहेत असे. वर धरण झालंय, खाली चाऱ्या झाल्यात, मधला पाच किलोमीटर भूसंपादनात अडकलाय." 

बाकी बघण्यासारखं:

रोज् (Rows). चार मुख्य रस्त्यांवर दुकानं दोन थरांत, आणि वरच्या थरापुढून सलग आच्छादलेली वाट. मध्ययुगातली पद्धत. माडीवरचा बाजार म्हणा. चालायची वाट आणि रस्त्याकडचा कठडा यांच्यामध्ये उतरता लाकडी ओटा असतो, त्यावर माल मांडायचे. पाऊस सुरू झाला तर सगळं गाव वर चढतं आणि खरेदी चालू राहते. आईने महाबळेश्वरच्या बाजारपेठेसाठी हे ताबडतोब मंजूर केलं. एक सांगते, काळ्यापांढऱ्या लाकडी इमारती बघून "किती जुनं!" म्हणू नका. त्यातल्या बऱ्याच व्हिक्टोरियाच्या काळात जुन्या धाटणीने उभ्या केलेल्या आहेत. खरी जुनी खोडं आत, वाकलेल्या तुळयांत दिसतात.

कॅथेड्रल. मूळचा मठ १०९२ चा, कॅथेड्रल झालं १५४१ ला. भव्य वगैरे आहेच, पण तुम्ही सरळ गायकांच्या लाकडी आसनांपाशी जा. १३८०च्या सुमाराचं कोरीव काम. त्यात एक हत्ती शोधा. पाठीवर किल्ला, सोंड बरी जमलीय आणि पाय चक्क घोड्याचे, खुरांसकट. कारागिराने हत्ती बघितलेलाच नव्हता. चिरंजीव म्हणाला, "आजोबा, याला गणपतीच्या कारखान्यात पाठवायला हवा होता."

रोमन रंगमंडल अर्धंच दिसतं, उरलेलं अर्धं एका जुन्या घराखाली आहे आणि त्याचं काय करायचं यावर गाव वर्षानुवर्षं भांडतंय. पाच मिनिटं पुरतात.

आणि कुणी सांगत नाही ती जागा: जुना डी पूल ओलांडून हँडब्रिजला जा. एडगर्स फील्ड नावाची बाग आहे. तिथे रोमनांची दगडाची खाण होती, आणि खाणीच्या कातळात मिनर्व्हा देवी कोरलेली, ब्रिटनमध्ये जागच्या जागी उरलेलं असं हे एकच. वाऱ्यापावसाने झिजून नाक-डोळे गेलेत, नुसता उभा आकार राहिलाय. वर छोटं छप्पर. पोरं शेजारी फुटबॉल खेळत होती. आईने चपला काढल्या, नमस्कार केला आणि विचारलं, "शेंदूर नाही का लावत हिला कुणी?" आपल्याकडे बांधावर असते ना, तशीच. खाणकामगारांची देवी, जिथे काम तिथे.

---

टिवटिवाट

हत्तीसाठी तिकीट काढावं म्हणते. वाचनखूण साठवली.

---

नीरेकाठचा

धागा वाचून धन्य झालो. मीही खात्यातलाच. बाबांना विचारा, कालव्याला अस्तर कशाचं? तिकडे गळतीचं काय करतात?

---

ओढाळ

विचारलं. बाबांचं उत्तर जसंच्या तसं: "पडल. चिकणमाती पाणी घालून तुडवायची, थरावर थर. आपल्याकडं मातीच्या धरणाचा गाभा करतात तेच. गुरं घालून तुडवून घेत असत. ओली राहिली तर दोनशे वर्षं काही होत नाही, वाळली की भेगा. म्हणून यांना कालवा रिकामा ठेवायची भीती." अजून एक सांगितलंय: पुलांच्या कोपऱ्यांवर लोखंडी पट्ट्या आहेत, त्यांवर बोटभर खोल खाचा. घोडे काठाने बोट ओढायचे, त्या दोरांनी घासून पडलेल्या. दोर भिजलेला, त्यात वाळूचे कण, झाली कानस. बाबांनी अशा एका खाचेत करंगळी घालून फोटो काढून घेतलाय, व्हॉट्सॲपच्या डीपीला तोच आहे.

---

काळ्या_देशातली_काकू

ज्यांच्याकडे दोन आठवडे आहेत त्यांनी नँटविचजवळच्या हर्ल्स्टनला वळून लँगोलेनच्या कालव्यावर जा. पाँटकसुल्टेचा जलसेतू आहे, १८०५ चा, टेलफर्ड आणि जेसप यांचा. लोखंडी पन्हाळीतून बोट डी नदीच्या सव्वाशे फूट वरून जाते. एका बाजूला चालायची वाट आणि कठडा, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. २००९ पासून जागतिक वारसा. माझे यजमान आत जाऊन पडदे लावून बसले होते.

आणि ओढाळच्या बाबांसाठी: त्या कालव्याला प्रवाह आहे! लँगोलेनच्या वर डी नदीचं पाणी त्यात घेतात आणि ते थेट हर्ल्स्टनच्या तलावात पिण्यासाठी जातं. १९४४ मध्ये कायद्याने कालवा वाहतुकीला बंद झाला, पण पाण्यासाठी राखावा लागला, म्हणून आज बोटी चालतात.

---

ओढाळ

काकू, वाचून दाखवलं. बाबा म्हणतात पुढच्या वर्षी. आईने विचारलं, दुसऱ्या बाजूला काहीच नाही म्हणजे काय.

---

सातारी_कंदी

आम्ही सप्टेंबरचं बुकिंग केलं! नँटविच-चेस्टर, सात रात्री. सासूबाई बरोबर. ओढाळताई, अजून काही सूचना?

---

ओढाळ

अभिनंदन! सुचेल तसं लिहिते. सप्टेंबरात दिवस लहान होतो आणि भाड्याची बोट अंधारात चालवायची नसते, म्हणून मैल आणि लॉक यांची बेरीज करून तिला तीनने भागा, तेवढे तास धरा. चेस्टरला पूर्ण दोन दिवस ठेवा. नॉर्थगेट उतरायची भीती वाटली तर बोट वरच, तटाबाहेर बांधता येते, पण मग ती मजा नाही. हातमोजे न्या, दोरांनी हात सोलतात. बोट वळवायला ठराविक रुंद जागाच असतात, त्या नकाशात आधी बघा, आम्ही नसत्या जागी प्रयत्न करून झुडपात गेलो होतो. दुसरं हँडल बोटीवर आहे का ते निघायच्या आधी मोजून घ्या.

कुकर नसतो. आमची तूरडाळ बनबरीच्या दोन लॉकांत घातली ती बीस्टनला शिजली. तीन लिटरचा घेऊन जा, आणि गॅस्केट जास्तीचं.